वीकेंडला वाळवंटात गाडी न्यायचीय? आधी टायरातल्या हवेचं बोलू

गेल्या अंकात मी आमच्या ओसियांच्या ट्रिपबद्दल लिहिलं होतं. ठाण्याहून दोन गाड्या, एक इसुझुची व्ही-क्रॉस पिकअप आणि एक थार, पाच मित्रमैत्रिणी, जोधपूरच्या पुढच्या वाळूत दोन दिवस. त्यावर एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. घणसोलीपासून घोडबंदर रोडपर्यंत सगळीकडून आलेत आणि निम्मे प्रश्न एकच आहेत, की शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघून सोमवारी सकाळी लॉगिन करता येईल का. त्याच्यापासूनच सुरुवात करते. नावं छापत नाहीये, फक्त गाव.

प्रश्न (घणसोली): ताई, आम्ही पाच जण, ऐरोलीत एकाच कंपनीत. एकाकडे व्ही-क्रॉस आहे. प्लॅन असा की शुक्रवारी संध्याकाळी 7 ला निघायचं, चौघं आलटून पालटून चालवणार, शनिवारी दुपारी जैसलमेर, रविवारी सकाळी समच्या वाळूच्या टेकड्या, दुपारी परत, सोमवारी डायरेक्ट ऑफिस. जमेल ना?

उत्तर: नाही जमणार, आणि मी हे तुमचा मूड घालवायला नाही लिहीत, हे मनापासून लिहितेय कारण हा प्लॅन मी स्वतः केलेला आहे. ठाण्याहून अहमदाबाद साधारण 500 किलोमीटर आणि तिथून सांचोर, बाडमेर करत जैसलमेर अजून तेवढंच किंवा जास्तच, म्हणजे एका बाजूनं हजाराच्या वर. शुक्रवारी संध्याकाळी 7 ला निघणार म्हणजे पहिले दोन तास घोडबंदर आणि वर्सोवा पुलाच्या ट्रॅफिकमध्ये जाणार, मग हायवेवर वापीपर्यंत ट्रकच्या रांगा. शनिवारी संध्याकाळी पोचाल तेव्हा वाळू बघायची ताकद नसते, रविवारी सकाळी दोन तास गाडी खेळवणार आणि मग परत हजार किलोमीटर, तेही वाळूत दमलेल्या अंगानं.

लोक मला विचारतात वाळवंटात भीती कशाची वाटली. वाळूत गाडीचा स्पीड 20-30, पलटी सोडली तर फार काही होत नाही. खरी भीती मला परतीच्या वाटेवर भरूचच्या आसपास पहाटे 4 वाजता वाटली होती, गाडी मित्र चालवत होता, मी बाजूला, दोघांचेही डोळे उघडे आणि दोघांनाही मागचे दहा किलोमीटर आठवत नव्हते. आम्ही तिथेच एका ढाब्याला गाडी लावली आणि तीन तास झोपलो, सोमवारची सुट्टी टाकली. "आलटून पालटून चालवू" हे कागदावर छान वाटतं पण मागच्या सीटवर बसून कुणाला खरी झोप लागत नाही, त्यामुळे चौघंही सारखेच दमलेले असतात.

मग काय करायचं. स्वतःची गाडीच न्यायची असेल तर मधले दोन दिवस सुट्टीचे घ्या, जाताना पालनपूर नाहीतर अहमदाबादला मुक्काम, येताना पण मुक्काम. आणि खरंच वीकेंडच हवा असेल तर गाडी घरी ठेवा. वांद्रे टर्मिनसहून दुपारी सुटणारी सूर्यनगरी एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी जोधपूरला सोडते. तिथून ओसियां फक्त 65 किलोमीटर आहे, तिथे वाळू पण आहे आणि खूप जुनी देवळं पण. शुक्रवार-सोमवारची सुट्टी टाकली की सगळं आरामात बसतं. तिथे गाडी भाड्यानं घेताना एकच बघा, काळ्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरं असलेली अधिकृत सेल्फ-ड्राइव्ह गाडी घ्या. पांढऱ्या प्लेटची कुणाच्या तरी घरची गाडी स्वस्तात मिळते पण काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. शक्यतो चालवणारा तिथलाच घ्या आणि त्याच्या बाजूला बसून शिका. वाळू वाचायला त्याच्याइतकं कुणी शिकवणार नाही.

प्रश्न (खोपट, ठाणे): माझी थार मागच्या चाकावर चालणारी आहे, फोर बाय फोर नाही. दिसायला सेम आहे. चालेल का?

उत्तर: डांबरी रस्ता, माळरान, कॅम्पपर्यंतचा कच्चा रस्ता, सगळीकडे चालेल. वाळूच्या टेकडीवर नाही. 2023 पासून मागच्या चाकांवर चालणारी थार मिळायला लागली आणि तेव्हापासून हा घोळ खूप होतो, ग्रुपमध्ये सगळे म्हणतात "थार आहे ना मग काय". गिअरच्या बाजूला 4H, 4L (फोर बाय फोरचा हाय आणि लो गिअर) लिहिलेला दुसरा दांडा नसेल तर गाडी टेकडीच्या पायथ्याशी लावा आणि दुसऱ्याच्या गाडीत बसा.

प्रश्न (कामोठे): तुम्ही लिहिलंत की वाळूत जाताना टायरची हवा काढली. आमचा पंक्चरवाला म्हणतो हवा कमी ठेवली तर टायर फाटतो. खरं काय? आणि किती काढायची?

उत्तर: हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा लांब लिहिते. तुमचा पंक्चरवाला बरोबर बोलतोय, पण तो रस्त्याचं बोलतोय. रस्त्यावर कमी हवेचा टायर स्पीडला तापतो आणि फुटतो. वाळूत गणित उलटं आहे. गाडीचं वजन तेच राहतं, पण आतलं प्रेशर अर्धं केलं की तेच वजन उचलायला टायरचा जमिनीला टेकणारा भाग जवळजवळ दुप्पट लागतो. आणि लोकांना वाटतं टायर रुंद होतो, तसं नाही, तो मुख्यतः लांब होतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा पुढे-मागे पसरतो. म्हणून गाडी वाळूत घुसत नाही, वरून तरंगत जाते.

आकडे सांगते. रस्त्यावर 32 ते 35 पीएसआय असते ना, वाळूत शिरण्याआधी 18 वर आणायची, चारही टायर. तरी गाडी जड वाटली, इंजिन कण्हतंय, दुसरा गिअर ओढत नाही, तर 15-16. त्याच्या खाली जायचं नाही असं नवीन माणसानं ठरवूनच टाकावं, कारण 12 च्या आसपास टायर रिमवरून निसटायची शक्यता असते, विशेषतः तुम्ही स्टिअरिंग झटकन फिरवलंत तर. हवा कमी केली की वळणं मोठी आणि सावकाश घ्यायची, हे त्या हवेबरोबरच येतं.

आमच्या ट्रिपमध्ये नेमकी हीच चूक झाली. आमच्यातल्या एकाला टायर निसटायची भीती वाटत होती म्हणून त्यानं थारची हवा 26 वरच ठेवली. दुपारी 2 ची वेळ, वाळू तापून पिठासारखी मोकळी झालेली, तो टेकडीच्या मध्यावर थांबला आणि मग जे सगळे करतात तेच त्यानं केलं, अॅक्सिलरेटर दाबला. दहा सेकंदात गाडीचं पोट टेकलं. आम्ही तासभर फावड्यानं उकरत होतो. मग एक उंटवाले बाबा आले, काही न बोलता टायर अंगठ्यानं दाबून बघितला आणि म्हणाले, "इसमें तो हवा भरी पड़ी है." 16 वर आणली, चाकांच्या मागची वाळू साफ केली, रिव्हर्स टाकला, गाडी आपणहून बाहेर आली. त्या तासाभरात आम्ही दोन मोठ्या बाटल्या पाणी संपवलं होतं.

आता उलटा भाग, आणि हा लोक विसरतात. वाळूतून बाहेर आल्यावर डांबरी रस्त्याला लागायच्या आधी हवा परत भरायची. पंप 20 किलोमीटरवर आहे, तिथे भरू, असं नाही चालत. म्हणून स्वतःचा कंप्रेसर लागतो. मी ठाण्यातल्या एका दुकानातून एक छोटा घेतला होता, लायटरच्या सॉकेटला लावायचा, दुकानदार म्हणाला ट्रकचे पण टायर भरतो. दुसऱ्या टायरलाच सॉकेटचा फ्यूज उडाला. त्या सॉकेटला साधारण 10-15 अँपिअरचा फ्यूज असतो आणि दमदार कंप्रेसर त्याच्या दुप्पट ओढतो, त्यामुळे चिमटे थेट बॅटरीला लावायचे असतात तोच कंप्रेसर घ्या, इंजिन चालू ठेवून. चांगल्या कंप्रेसरला एका टायरला चार-पाच मिनिटं लागतात, म्हणजे एका गाडीला वीस-पंचवीस मिनिटं. हा वेळ प्लॅनमध्ये धरा, नाहीतर अंधार पडतोय म्हणून लोक तसेच निघतात. आणि हवा मोजायचा गेज स्वतःचा, तोच एक, सगळ्या गाड्यांना.

प्रश्न (ऐरोली): मुलांना मे महिन्यात सुट्टी असते. तेव्हा गेलो तर?

उत्तर: नका जाऊ. जोधपूर-जैसलमेरच्या मध्ये फलोदी आहे, तिथे 19 मे 2016 ला 51 अंश तापमान नोंदवलं गेलंय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. त्यातही डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी असते, आपल्याकडे असते तशी नाही, तेव्हा कानटोपी आणि जाड पांघरूण न्या. ठाण्यातून निघताना टी-शर्टवर असतो त्यामुळे खरं वाटत नाही.

प्रश्न (नेरूळ): माझा मुलगा 20 वर्षांचा आहे, कॉलेजच्या मित्रांबरोबर पिकअप घेऊन राजस्थानात जायचं म्हणतोय. नाही म्हटलं तर न सांगता जाईल अशी भीती वाटते. मी त्याच्याकडून काय कबूल करून घेऊ?

उत्तर: काकू, तुम्ही "नाही" न म्हणता हा प्रश्न विचारलात हेच मला फार आवडलं. माझ्या आईनं मला पहिल्या ट्रिपला असंच बसवून विचारलं होतं आणि तिच्या दोन अटी मी अजून पाळते.

पहिली अट, रात्री 12 ते पहाटे 5 गाडी चालणार नाही. कुठेही असा, हॉटेल, ढाबा, पेट्रोल पंप, थांबायचं. त्याला वाळवंटाबद्दल समजवायची गरज नाही, त्याच्याकडून फक्त हे वचन घ्या. दुसरी अट, दोन गाड्या असल्याशिवाय वाळूत शिरायचं नाही. एकटी गाडी रुतली तर तिला ओढायला कुणी नसतं आणि तिथे बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते.

आणि तिसरी मी माझ्याकडून घालते. पिकअपच्या मागच्या हौद्यात कुणी बसायचं नाही, उभं तर अजिबातच नाही. पोरांना तेच हवं असतं, व्हिडिओसाठी. वाळूच्या टेकडीवरून गाडी उतरताना नाक एकदम खाली जातं आणि हौद्यात उभा असलेला माणूस कॅबिनच्या वरून पुढे फेकला जातो. वाळू मऊ असते म्हणून लागत नाही असं त्यांना वाटतं, पण तो पडतो तिथे मागून गाडी येत असते. हौद्यात फक्त सामान, तेही दोरीनं आवळून, पाण्याचे कॅन कॅबिनच्या बाजूला. आत बसलेल्या सगळ्यांनी बेल्ट लावायचा, मागच्या सीटवर पण.

पाण्याचं विचारा त्याला. माणशी दिवसाला किमान 5 लिटर. चौघं दोन दिवस म्हणजे 40 लिटर. तो "दोन क्रेट बिसलेरी घेतोय" म्हणाला तर आकडा मांडून दाखवा.

आणि रोज संध्याकाळी एक फोन किंवा मेसेज, ठरलेल्या वेळेला. निघायच्या आधी कॅम्पचा पत्ता आणि दुसऱ्या गाडीवाल्याचा नंबर तुमच्याकडे. एवढं झालं की जाऊ द्या त्याला काकू. फार सुंदर असतं ते, पहाटे कॅम्पच्या बाहेर येऊन उभं राहिलं की लांबवर काहीच नसतं, आपल्या मुलांनी ते एकदा तरी बघायला हवं असं मला खरंच वाटतं.

प्रश्न (कळवा): राजस्थानला जायच्या आधी वाळूची सवय म्हणून अलिबाग किंवा काशीदच्या बीचवर प्रॅक्टिस केली तर?

उत्तर: नको रे. एक तर किनाऱ्यावर गाडी घातली की पोलीस केस करतात आणि ते बरोबरच आहे, लोक फिरत असतात, मुलं खेळत असतात. दुसरं म्हणजे ती वाळू वेगळी. भरतीच्या रेषेजवळची वाळू वरून कडक दिसते आणि खाली पाणी असतं, गाडी थांबली की बसत जाते, आणि तुमच्याकडे भरती यायच्या आतला वेळ असतो. 2024 च्या डिसेंबरात रेवदंड्याला फेरारी रुतली होती, ती शेवटी बैलगाडीनं ओढून काढली, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. खाऱ्या पाण्यानं खालचे नट, ब्रेक, वायरिंग सगळं गंजतं, ते वेगळंच. शिकायचंच असेल तर इगतपुरी, लोणावळ्याच्या बाजूला ऑफ-रोडचे ट्रेनिंग ट्रॅक आहेत, तिथे एक दिवस घालव. वाळू नसते तिथे, पण लो गिअर कधी, डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारं लॉक) कधी, चढावर इंजिन बंद पडलं तर काय, हे हाताला लागतं. आणि एक गोष्ट तिथेच विचारून घे, कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकून गाडी का चालवायची नसते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांमध्ये पुढचा आणि मागचा एक्सल तेव्हा एकत्र बांधला जातो, वळताना चाकांना वेगवेगळं फिरायचं असतं आणि डांबरावर ती घसरू शकत नाहीत, सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही एक्सलना ताकद वाटून देणाऱ्या भागावर येतो.

प्रश्न (वाशी): आमच्याकडे टोइंगचा पट्टा आहे, हूकवाला, ऑनलाइन घेतलेला. गाडी रुतली तर त्यानं ओढायची ना? अजून काय न्यावं?

उत्तर: तो पट्टा घरी ठेवा, प्लीज. ज्याच्या टोकाला लोखंडी हूक असतो तो पट्टा रस्त्यावर बंद पडलेली गाडी हळूहळू न्यायला असतो. वाळूत रुतलेल्या दोन टनाच्या पिकअपला झटका देऊन ओढलं की पट्टा नाहीतर हूक तुटतो आणि ते लोखंड गोळीसारखं सुटतं, काचेतून आरपार जातं. यात माणसं मेलेली आहेत, म्हणून मी एवढ्या कडक शब्दात लिहितेय.

वाळूसाठी काइनेटिक रोप मिळतो, नायलॉनचा, तो रबरासारखा 20 ते 30 टक्के ताणला जातो. ओढणारी गाडी जरा ढील ठेवून पुढे जाते, रोप ताणला जातो, मग तो आकसताना रुतलेल्या गाडीला सावकाश पण जोरात बाहेर खेचतो. झटका बसत नाही. दोन्ही टोकाला सॉफ्ट शॅकल (रोप अडकवायची कडी) वापरा, दोरीचेच असतात, तुटले तरी लोखंड उडत नाही. आणि बांधायचं कुठे हे गाडी घरी असतानाच शोधून ठेवा, मॅन्युअलमध्ये टो पॉइंट दिलेला असतो. टो बॉलला (ट्रेलर अडकवायच्या लोखंडी गोळ्याला) कधीच नाही, बंपरला नाही, आणि खाली जो छोटा लोखंडी डोळा दिसतो तो कधीकधी जहाजावर गाडी बांधायला दिलेला असतो, त्याला पण नाही.

ओढताना रोपाच्या मध्यावर एक जाड चादर किंवा सतरंजी टाका. माणसं रोपाच्या लांबीच्या दीडपट लांब. रोपाच्या ओळीत कुणी नाही, व्हिडिओ काढणारा पण नाही.

पण खरं सांगू का, नीट केलं तर रोपाची वेळच येत नाही. क्रम असा. गाडी पुढे जात नाहीये असं वाटलं त्या क्षणी पाय उचला, चाक फिरवत राहू नका, प्रत्येक फेरीला तुम्ही खड्डा खणताय. मग रिव्हर्स, आलेल्या चाकोरीतूनच मागे, कारण ती वाळू तुम्हीच दाबलेली आहे. नाही हललं तर खाली उतरा, सगळे, आणि हवा अजून दोन पीएसआय कमी करा. फावड्यानं चाकांच्या मागची वाळू काढा आणि पोट टेकलं असेल तर पोटाखालची, पोट टेकलेलं असताना चाकांना पकड मिळतच नाही. मग रिकव्हरी बोर्ड, म्हणजे पकड देणाऱ्या खाचेदार फळ्या, असतील तर ते चाकाखाली सरकवा. स्टिअरिंग सरळ आहे का बघा, गडबडीत ते वळलेलं राहतं. ईएसपी, ट्रॅक्शन कंट्रोल ज्या गाड्यांना आहे त्यांनी ते बटण वाळूत शिरण्याआधीच बंद केलेलं असावं, नाहीतर चाक जरा फिरलं की गाडी स्वतःच पॉवर कापते आणि चढावर मध्येच दम तोडते. आणि जॅक लावायची वेळ आली तर खाली प्लायवूडचा जाड तुकडा पाहिजे, नाहीतर गाडी वर येत नाही, जॅकच खाली जातो. आमच्याकडे पोळपाट होता, त्यावर भागवलं.

टेकडी चढायचं पण याच्यातच लिहिते कारण रुततात सगळे तिथेच. वारा ज्या बाजूनं येतो ती बाजू कमी उताराची आणि घट्ट असते, पलीकडची बाजू खडी आणि मोकळी, साधारण 32 ते 34 अंशाची, वाळू त्याच्याहून जास्त उभी राहूच शकत नाही. चढायचं घट्ट बाजूनं, सरळ, पायथ्यापासूनच वेग घेऊन. शेंड्याच्या जरा आधी पाय उचलायचा कारण पलीकडे काय आहे ते बॉनेटमुळे दिसत नाही. आम्ही आधी एकाला चालत वर पाठवायचो, तो हात दाखवेल तेव्हाच गाडी. उतरायचं पण सरळ, लो गिअरमध्ये, ब्रेक न दाबता. तिरकं कधीच नाही, ना चढताना ना उतरताना, गाडी आडवी झाली की पलटायला वेळ लागत नाही. चढता चढता दम संपला तर यू-टर्न मारायचा नाही, रिव्हर्स टाकून आलात तसेच सरळ खाली. आणि सकाळी जा. रात्रीच्या थंडीनं आणि दवानं वाळू घट्ट झालेली असते, 10-11 पर्यंत तीच टेकडी सहज चढते आणि दुपारी 2 ला गाडी खाते.

प्रश्न (खारघर): जैसलमेर लांब आहे तर कच्छचं छोटं रण जवळ पडेल ना? तिथे तर सपाटच आहे, गाडी पळवता येईल.

उत्तर: जवळ पडतं, हो. अहमदाबादहून दसाडा, झैनाबादची बाजू शंभरेक किलोमीटर आहे. पण रण म्हणजे वाळवंट समजून जाऊ नका, तिथे वाळू नाही, खारट चिखल आहे. पावसाळ्यात सगळं पाण्याखाली असतं, मग वरचा थर वाळून पांढरा, कडक होतो आणि खाली महिनोन्महिने ओलं राहतं. वरचा पापुद्रा फुटला की गाडी एक्सलपर्यंत जाते आणि तिथे हवा कमी करून फारसा फायदा नाही, चिखल टायरला चिकटून टायर गुळगुळीत होतो. सपाट दिसतं हाच धोका आहे. चाकोरी सोडायची नाही.

शिवाय ते घुडखर अभयारण्य आहे, जवळजवळ 4,954 चौरस किलोमीटर, जंगली गाढवांसाठी राखलेलं, वनखात्याची परवानगी काढून ठरलेल्या वाटेनंच जायचं. गाडी पळवायला जाऊच नका तिथे. जीप सफारी घ्या, घुडखरांचा कळप धावताना बघा, आगरियांची मिठागरं बघा, ते लोक महिनोन्महिने त्या उन्हात खारं पाणी उपसून मीठ पिकवतात. उरण-भाईंदरची मिठागरं पाहिलेल्या आपल्यासारख्यांना ते बघून जरा वेगळंच वाटतं. मला या ट्रिपा ऑफ-रोडिंगच्या ट्रिपांइतक्याच आवडतात.

प्रश्न (कोपरी): समला रात्री टेकड्यांवर गाडी चालवू देतात का? आणि बॉर्डरपर्यंत जाता येतं का?

उत्तर: रात्री नाही, कुणी देत असेल तरी नाही. हेडलाइटमध्ये वाळूचा चढ-उतार सपाट दिसतो, शेंडा कळतच नाही.

दिवसा पण कुठेही गाडी घालता येत नाही, हे कळकळीनं सांगते. समच्या आजूबाजूचा मोठा भाग डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये येतो, 3,162 चौरस किलोमीटर, आणि माळढोक जगात जे काही थोडे उरलेत त्यातले बहुतेक याच भागात आहेत. माळढोक आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला होता, त्याच्यासाठी अभयारण्य केलं, आणि आज तिथे तो दिसणं जवळजवळ संपलंय. तो जमिनीवरच अंडी घालतो, बहुतेक वेळा एकच. माळावरून मजा म्हणून नेलेली एक गाडी त्या अंड्यावरून गेली तर कुणाला कळणार पण नाही. म्हणून कॅम्पवाले किंवा गावकरी दाखवतील त्याच वाळूवर चालवा आणि खुरटी झुडपं, गवत असलेल्या सपाट माळावर शिरू नका.

बॉर्डरचं म्हणाल तर तनोट मातेच्या देवळापर्यंत आणि लोंगेवालाला, जिथे डिसेंबर 1971 ची लढाई झाली, पक्क्या रस्त्यानं जाता येतं. त्यापुढे परवानगी लागते. डांबर सोडून सीमेच्या दिशेनं गाडी घालू नका, ड्रोन उडवू नका, आणि कुणी सॅटेलाइट फोन देतो म्हणालं तर घेऊ नका, परवानगीशिवाय तो बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. दोन गाड्यांमध्ये बोलायला लायसन्स न लागणारे छोटे वॉकी-टॉकी मिळतात, ते पुरतात.

प्रश्न (माजिवडा, ठाणे): ग्रुपमध्ये आम्ही तिघी मुली आहोत. दिवसभर वाळूत असताना टॉयलेटचं काय करता? विचारायला लाज वाटते.

उत्तर: लाज वाटायचं काहीच नाही, मला पण कुणी सांगितलं नव्हतं आणि मी पहिल्या दिवशी पाणीच प्यायले नाही, संध्याकाळी डोकं इतकं दुखलं की उलट्या झाल्या. ते करू नका. गाडीच्या मागे लावायला एक साधा पॉप-अप तंबू मिळतो, कपडे बदलायचा, तो न्या. फावडं आहेच, खड्डा करून बुजवायचा. पॅड आणि ओले टिश्यू पुरायचे नाहीत, झिपच्या पिशवीत घालून परत आणायचे, वारा दोन दिवसात सगळं उघडं करतो. आणि सकाळीच ग्रुपला सांगून टाका की दर दोन तासांनी गाड्या थांबणार. आमच्यातल्या मुलांनी आधी जरा कुरकुर केली, मग त्यांनाच ते थांबणं आवडायला लागलं.

प्रश्न (पनवेल): परत आल्यावर गाडीचं काय करायचं? सर्व्हिसिंग लगेच?

उत्तर: एअर फिल्टर लगेच काढून बघा, वाळूत तो भरतोच, आणि साध्या झटकण्यानं साफ होत नसेल तर नवीन टाका. खालून पाण्यानं धुवून घ्या, ब्रेकच्या आसपास खास, करकर आवाज येत असेल तर खडे अडकलेत. कार्पेट उचला, त्याच्याखाली अर्धा किलो वाळू निघेल. हौदा धुताना पाणी जायची भोकं मोकळी आहेत का बघा. आणि चारही टायरच्या आतल्या बाजूला, रिमच्या कडेला बोट फिरवून बघा, कमी हवेत चालवताना तिथे वाळू शिरून बसते आणि मग हवा रोज थोडी थोडी उतरत राहते, लोक पंक्चर शोधत बसतात. असं होत असेल तर टायरवाल्याला टायर उतरवून रिमची कड साफ करायला सांगा. मग दोन-तीन दिवस सकाळी, गाडी थंड असताना, गेज लावून आकडा लिहून ठेवा.